थोरलं वर्षाच्या आत चाललं, धाकटं अजून बसूनच: स्वभाव, हालचाल आणि तुलना

मांजराकाठ (बालफिजिओथेरपी, लातूर)

‘हिची थोरली अकराव्या महिन्यात अंगणभर फिरत होती, ह्याला तेरावा लागला तरी जागा सोडंना.’ औसा-निलंग्याकडून येणाऱ्या आया हे सांगतात, आणि आज्या त्याहून जोरात. घर तेच, अंगावरचं दूध तेच, न्हाऊ घालणारी बाईसुद्धा तीच. मग पाठच्या भावंडात एवढा फरक का? या धाग्यावर तेवढंच बोलू. ज्यांचं रोजचं काम लेकरांशी आहे त्यांनी जरूर भर घालावी.

आधी मोजपट्टी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी लेकरांवरून हालचालींचे कालावधी प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. एकट्यानं उभं राहणं ६.९ ते १६.९. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६. म्हणजे एक भावंड साडेनऊ महिन्यांत चाललं आणि दुसरं सोळाव्यात, तरी दोघंही चौकटीत बसतात. मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळी चौकट नाही, एकच आहे. ‘पोरगी लवकर चालते’ हे घरोघरी ऐकू येतं, पण ते धरून बसण्याइतका फरक त्या मोजणीत आढळला नाही.

आता स्वभाव. सात-आठ महिन्यांच्या लेकराला वाकळेवर बसवा आणि हाताच्या जरा पलीकडे स्टीलची वाटी ठेवा. एक लेकरू थेट झेप घेतं, नाकावर आपटतं, रडतं आणि रडता रडताच पुन्हा वाटीकडे जातं. दुसरं आधी वाटीकडे बघतं, मग आईकडे. तळहातानं फरशी थापटतं, थोडं पुढं झुकतं आणि परत सरळ बसतं. असं आठ-दहा दिवस चालतं आणि एका दुपारी ते न पडता वाटीपर्यंत पोचतं. घरच्यांना वाटतं की ते एकदम शिकलं. तसं नसतं, आठ दिवस त्याची तयारीच चालू होती.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शेकडभर लेकरांचा वर्षानुवर्षे माग ठेवला आणि स्वभावाचे नऊ पैलू मांडले. चालायला शिकण्याशी त्यातल्या चारांचा जवळचा संबंध येतो: अंगातली चळवळ किती, नवीन गोष्टीकडे झेपावणं की मागं सरणं, एकदा धरलेलं किती वेळ सोडत नाही, आणि आनंद किंवा राग किती जोरात व्यक्त होतो. थोरल्या-धाकट्यांत हेच चार वेगळे असतात आणि पहिल्या वर्षात ते बोलण्याआधी हातापायांतून दिसतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सुरुवात कधी करायची आणि कशी करायची, एवढंच स्वभावावर ठरतं. अंग लुळं असणं, अंग कडक असणं, एकच बाजू वापरणं हे स्वभावात बसत नाही. तपासताना आम्ही आधी हीच फारकत करतो.

---

परभणीची_सेविका

ताई, गृहभेटीला गेलं की आम्ही काय बघतो ते लिहिते. लेकरू जागं हवं, पोट भरलेलं हवं आणि दूध पिऊन अर्धा तास झालेला हवा. भुकेलं किंवा पेंगुळलेलं लेकरू पाहून मत बनवायचं नाही. दहा मिनिटं खाली वाकळेवर सोडायचं आणि आईला हातभर अंतरावर बसवायचं. कुणी बोलवायचं नाही, खुळखुळा वाजवायचा नाही. बिचकणारं लेकरू पहिली चार-पाच मिनिटं नवीन माणसाकडेच बघत राहतं, तेवढ्यात ‘हालत नाही’ असं लिहिलं तर नोंद चुकते. दहा मिनिटांनी घरातलीच वस्तू ठेवायची: वाटी, चमचा, लाटणं. बाहेरून नेलेलं खेळणं बघून असं लेकरू आणखी गप्प होतं.

आणि आईला ‘बसतंय का’ असं न विचारता ‘खाली किती वेळ असतंय’ हे विचारावं. शांत लेकराचं नुकसान इथंच होतं बगा. रडत नाही म्हणून ते झोळीतच राहतं. अवखळ असलं की ते कोकलून कोकलून खाली उतरवून घेतं. एकाला दिवसात दोन-तीन तास जमीन मिळते, दुसऱ्याला वीस मिनिटं. मग वर्षानं सगळे म्हणतात, याचा स्वभावच मंद.

---

ओसरी

बुडावर सरकणाऱ्या लेकरांबद्दल कुणी सांगेल का? थोरलं हात-गुडघ्यांवर रांगलं, धाकटं मात्र बसल्या बसल्या एक पाय मुडपून फरशीभर घसरत फिरतं आणि पालथं घातलं की रडतं. हा हट्ट समजायचा की काही दोष आहे?

---

मांजराकाठ

हा चालण्याआधीचाच एक प्रकार आहे, दोष नव्हे. वर सांगितलेल्या मोजणीत ४.३ टक्के लेकरं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. काही पोटावर सरपटली, काही बुडावर सरकली, काही थेट उभी राहिली. बुडावर सरकणं बऱ्याचदा घराण्यात असतं. आजीला विचारा, वडील किंवा मामा असेच सरकत होते का. तसं निघालं तर निम्मा उलगडा तिथंच होतो.

ओळख अशी. लेकराला काखेत धरून उभं करायला गेलं की ते पाय फरशीला टेकवत नाही. खुब्यातून पाय पुढं उचलून धरतं, जणू हवेतच मांडी घालून बसलंय. पालथं पडणं त्याला पहिल्यापासून नको असतं. बसल्या जागी दोन्ही हात मोकळे राहतात आणि सगळं दिसतं, मग ती सोय ते का सोडेल? अशी लेकरं चालायला बहुधा उशीर लावतात, काही दीड वर्षाच्या पुढंही जातात. तरी अठरा महिने झाले की एकदा तपासून घ्याच, ‘मामाही असाच होता’ म्हणून तपासणी टाळू नका.

करायचं काय? पालथं घालून रडवायचं नाही. आईनं पाय पसरून बसावं आणि लेकराला मांडीवर आडवं घ्यावं, पोट मांडीवर, हात एका बाजूला फरशीवर, गुडघे दुसऱ्या बाजूला. पुढं वाटी ठेवावी. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मांडी अवघडत असेल तर वाकळ घट्ट गुंडाळून साधारण सहा इंच जाडीची वळकटी करा. हे जमलं की वीतभर उंचीच्या पाटावर किंवा चौरंगावर बसवायचं, तळपाय पूर्ण टेकलेले, समोर लेकराच्या छातीइतकी उंच पेटी आणि पेटीवर चमचा. चमचा घ्यायला पुढं झुकताना वजन तळपायांवर येतं आणि बूड आपोआप उचललं जातं. हाताला धरून वर ओढायचं नाही. ओढल्यावर लेकराचं वजन मागं टाचांवर जातं, आणि शिकायचं असतं ते नेमकं उलट.

---

बालडॉक्टर_नांदेड

वरचं सगळं मान्य. पण ‘स्वभावानंच शांत आहे’ या शब्दांआड काय काय लपतं तेही इथं यायला हवं.

पहिलं म्हणजे रक्त कमी असणं. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा चार ते सहा महिने पुरतो. नंतर वरच्या आहारात लोह नसेल आणि गाई-म्हशीचं दूधच पोटभर चालू असेल तर लेकरू हळूहळू मलूल होतं. आईला चिकटून बसतं, नवीन वस्तूकडे जात नाही, लवकर दमतं. घरचे त्याला गुणी म्हणतात. खालची पापणी ओढून बघा, तळहात थोरल्या भावंडाच्या तळहाताशेजारी धरून बघा आणि शंका आली तर हिमोग्लोबिन तपासा. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप देतात, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. शी काळसर होते, घाबरून बाटली फेकू नये. दुधासोबत किंवा चहासोबत देऊ नका, लोह अंगी लागत नाही. लहान लेकराला चहा मुळातच नको. सिरप ही प्रतिबंधाची मात्रा आहे. रक्त खरोखर कमी निघालं तर उपचाराची मात्रा डॉक्टर वेगळी देतात.

दुसरं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं लेकरू. दोन महिने आधी जन्मलं असेल तर अकरा महिन्यांचं लेकरू हालचालीच्या हिशेबात नऊ महिन्यांचं धरायचं. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवतात. पूर्ण दिवसांच्या थोरल्याशी त्याची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या पेऱ्यांचं पीक एकाच तारखेला मोजणं.

तिसरं, खुबा. पायाळू जन्मलेलं लेकरू, मुलगी, घरात आधी कुणाला खुब्याचा त्रास, यातलं काही असेल तर जास्त लक्ष द्या. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाजूला उघडत नाही किंवा एक पाय आखूड वाटतो, तर थांबू नका. बाळंतिणीच्या खोलीत लेकराचे पाय सरळ ताणून बाळुत्यात करकचून बांधण्याची रीत इथं घात करते. वरचं अंग गुंडाळा, खुबे-गुडघे मुडपायला मोकळे ठेवा. पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली पद्धत मात्र खुब्यासाठी चांगली आहे.

आणि या गोष्टी कुठल्याही स्वभावात बसत नाहीत: चौथा महिना संपताना मान न सावरणं, नऊ महिने होऊन गेल्यावरही आधाराशिवाय न बसणं, अठरा महिन्यांत न चालणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, रांगताना एक पाय नुसता ओढत नेणं, चार महिन्यांनंतरही अंगठा मुठीत कोंडलेला राहणं, आणि आलेली हालचाल पुन्हा जाणं. ही शेवटची कुठल्याही वयात दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा.

---

वाकळ

डॉक्टर, शांत लेकरू आणि लुळं लेकरू यांत घरच्या घरी फरक कसा ओळखायचा? दोन्ही एका जागीच पडून असतात.

---

बालडॉक्टर_नांदेड

काखेत दोन्ही हात घालून सरळ वर उचला. शांत लेकराचे खांदे तुमच्या हाताला घट्ट लागतात. लुळं लेकरू हातातून निसटतं, खांदे कानापर्यंत वर जातात. पाच-सहा महिन्यांनंतर उताण्या लेकराचे हात धरून हळूच बसतं केलं तर डोकं अंगासोबत यायला हवं, मागं लोंबकळायला नको. शांत लेकरू जागा सोडत नसलं तरी हातांनी बरंच काही करत असतं: वाटी या हातातून त्या हातात नेतं, चिमटीनं ज्वारीचा दाणा उचलायला बघतं. (दाणा लगेच काढून घ्या, नाकात घालतात.) हातही शांत, पायही शांत, नजरही शांत असेल तर ते स्वभावावर ढकलू नका.

---

कोपीवरची_शाळा (बीड)

ऊसतोडीच्या लेकरांचंही लिहायला पाहिजे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीत, मुक्काम. ज्या लेकराचं रांगण्याचं वय या पाच-सहा महिन्यांत येतं त्याला सपाट कोरडी जमीन मिळतच नाही. फडात उसाची खोडकी टोकदार, पाचटाची धार हाताला चिरते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर फिरत असतात. म्हणून लेकरू झोळीत, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. थोरलं गावी आजीजवळ ओसरीवर रांगलं आणि धाकटं कोपीवर वाढलं, तर दोघांत स्वभावाचा फरक शोधण्याआधी जमीन किती मिळाली ते मोजा.

जमण्यासारखं एवढं आहे. कोपीसमोर चार बाय सहा फूट जागा झाडून, खडे वेचून, पाणी मारून चोपून घ्यायची. वर खताच्या रिकाम्या गोण्या नकोत, त्यात खताचा अंश राहतो. ज्वारीचं किंवा साखरेचं पोतं उसवून अंथरा, त्यावर वाकळ. पहाटे अंथरू नका, दवानं ओली होते. उन्हं वर आल्यावर नऊ ते अकरा ही वेळ चांगली. चूल त्या जागेपासून निदान आठ-दहा पावलं लांब. अवखळ लेकराच्या कमरेला दोरी बांधून खुंटीला अडकवतात, ते करू नका. ते गोल फिरतं आणि दोरी पायात नाहीतर गळ्यात येते. त्यापेक्षा तिन्ही बाजूंनी पेट्या आणि धान्याची पोती लावून आडोसा करावा.

---

देवगिरीकर

पांगुळगाड्याबद्दल मत काय? घरोघरी आता चाकांचा गोल वॉकर आला आहे, लेकरू मधल्या कापडावर बसतं आणि पायानं ढकलत फिरतं.

---

मांजराकाठ

वॉकर नको, हे ठामपणे सांगते. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्यात लेकरू उभं नसतं, लोंबकळत असतं. चवड्यानं ढकलतं, आपले पाय त्याला दिसत नाहीत आणि तोल सांभाळायचं काम चाकं करतात. धीट लेकरू त्यात पायरीपर्यंत क्षणात पोचतं. बिचकणारं लेकरू त्यात सुखानं बसून राहतं आणि खाली उतरायचं नावच घेत नाही. दोघांचं नुकसान वेगवेगळ्या वाटेनं होतं.

पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी, लेकरू त्याच्या मागं स्वतःच्या पायावर उभं असतं. पण पेटीला धरून स्वतः उभं राहता येऊ लागल्यावरच द्या. गुळगुळीत शहाबादी फरशीवर तो पुढं पळतो आणि लेकरू तोंडावर पडतं, म्हणून आधी अंगणातल्या मातीवर. घरातच चालवायचा असेल तर मागच्या दोन्ही चाकांना सुती चिंधी घट्ट गुंडाळा, चाक जड फिरतं. हलका गाडा लेकरानं दांडी ओढली की मागं उलटतो, तेव्हा खालच्या आडव्या फळीवर मधोमध दोन-तीन किलो ज्वारीची पिशवी बांधा. वर दांडीला काही अडकवू नका. पायात काहीही घालू नका, अनवाणीच बरं. सतत घसरणाऱ्या मोज्यांनी धीट लेकरूसुद्धा भित्रं होतं.

पांगुळगाडा न वापरताही चालतं. पेटी, कॉट आणि कोठी एका ओळीत लावा. मधली फट आधी वीतभर, मग दोन वीत, मग हातभर. बघत बसणारं लेकरू त्या फटीपाशी आठवडाभर उभं राहील. राहू द्या. पलीकडून हात पुढं करून ‘ये ये’ म्हणू नका, त्यानं ते खाली बसतं. पलीकडच्या कोठीपाशी त्याचं भावंड उभं करून स्वतःशीच खेळू द्या, ते जास्त लागू पडतं.

---

ओसरी

आणि धीट लेकराला काय शिकवायचं? ते तर सगळं आधीच करतं.

---

मांजराकाठ

उतरायला शिकवायचं. हे नेमकं राहून जातं. आठव्या-नवव्या महिन्यात ते पाळण्याला धरून उभं राहतं आणि खाली बसता येत नाही म्हणून रात्री तिथंच उभं राहून रडतं. दिवसा सराव द्या: उभं असताना एक वाटी गुडघ्याच्या उंचीवर आणि दुसरी फरशीवर ठेवा. एक हात धरलेला, दुसरा हात खाली, म्हणजे गुडघे वाकवायला लागतात.

ओसरीची पायरीही तशीच. लेकरू कडेला आलं की पोटावर घ्या, अंग फिरवून पाय कडेकडे करा, मग पोट घासत मागं सरकवा, पायाचा चवडा खालच्या जमिनीला लागेपर्यंत. दर वेळी तोच शब्द वापरा, ‘पाय आधी’. रोज पाच-सहा वेळा केलं तर काही आठवड्यांत ते स्वतःच वळू लागतं. पण इथं एक फसगत आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांनी उतारांवर लेकरं तपासली. रांगताना कडा ओळखायला शिकलेलं लेकरू चालायला लागलं की तेच सगळं नव्यानं शिकतं, आणि पूर्वी ज्या उतारावर थांबायचं त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं. म्हणून ‘आता त्याला पायरी कळते’ असं म्हणून माळवदाच्या जिन्याची फळी काढू नका. पहिली पावलं पडली त्या दिवशी ती पुन्हा लावा.

त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची लेकरं मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. सपाट जागी पडणं हा शिकण्याचाच भाग आहे. दर वेळी ‘अगं बाई!’ असं किंचाळलं की धीट लेकरू दुर्लक्ष करायला शिकतं आणि हळवं लेकरू उठायचं थांबतं.

---

परभणीची_सेविका

पाण्याचं राहिलं. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं घराघरात बादल्या, पिंप, हौद भरलेले असतात. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी डोक्यानं जड लेकरू उलटं पडलं की त्याला बाहेर येता येत नाही. थोरलं कधी बादलीकडे गेलं नाही म्हणून धाकटंही जाणार नाही असं धरू नका. रिकामी बादली पालथी, भरलेल्या पिंपाला झाकण आणि झाकणावर पाटा.

थंडीतही फरक पडतो. परभणीच्या डिसेंबरात दोन स्वेटर, टोपरं, पायमोजे घातलेलं लेकरू गुडघाच वाकवू शकत नाही. इस्रायलमध्येही थंडीत रांगायच्या वयाला आलेली लेकरं जरा उशिरा रांगलेली दिसली. दुपारी ऊन असताना तासभर कपडे कमी करून खाली सोडा. उन्हाळ्यात उलटं: पत्र्याच्या घरात फरशी सकाळी नऊच्या आत आणि रात्रीच वापरता येते. आधी तुमचा तळहात फरशीवर टेकवून बघा.

---

वाकळ

तपासणीला जायचं ठरलं तर सुरुवात कुठून करायची? खेड्यातून थेट शहरात जाणं परवडत नाही.

---

परभणीची_सेविका

आशाताईच्या ठरलेल्या गृहभेटी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना असतात, तिथंच सांगा. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसकट दिलेत, त्यापुढं तारीख लिहून ठेवा. प्रत्येक लेकराचं कार्ड वेगळं जपा, थोरल्याच्या कार्डावर धाकट्याच्या नोंदी करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते आणि तिथं तपासणीला पैसे लागत नाहीत.

जाताना मोबाइलवर तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा, प्रत्येकी अर्धा मिनिट: खाली बसलेलं, स्वतः सरकताना आणि उभं धरलेलं. समोरून एक, बाजूनं एक, पाठीमागून एक. बिचकणारं लेकरू दवाखान्यात गेल्यावर आईच्या पदराखालून बाहेर येत नाही, तेव्हा डॉक्टरला तेवढंच बघायला मिळतं.